पालथं घातलेलं मडकं

आमच्या घरच्या वालाचा दाणा बुटका, तांबूस आणि पोटाशी जरा दबलेला. दिसायला काही नाही. शेजारी लांब पांढरा वाल ठेवला तर गिऱ्हाईक आधी तो उचलतं. पण आमचं बिरडं एकदा खाल्लेलं माणूस पुढच्या वर्षी विचारत येतं. कडू असतो, पण ते कडूपण घास गिळल्यावर कळतं, तोंडात असताना नाही. मी लग्न होऊन गडबला आले तेव्हा हा दाणा या घरात होता. सासूच्या सासूच्या वेळीही होता म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या हातून संपल्यात जमा होता. कसा संपला आणि कसा राहिला ते लिहून ठेवते. मी चौथी शिकले आहे, तेव्हा सरळच लिहीन.

वाल आमच्याकडे भातानंतर होतो. भात कापलं की खाचरात जी ओल उरते तिच्यावरच. पाणी द्यायचं नाही, खत घालायचं नाही. दिवसाचं ऊन, रात्रीची थंडी आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो वाढतो. पेरायची वेळ पंचांगात नसते. सासू वाकून तळहात मातीवर ठेवायची. माती गार लागली पण हाताला चिकटली नाही की म्हणायची, "आणा गो मडकं."

मडक्याची आमच्या घरात रीत होती. बियाणं राखेत घोळवून एका काळ्या मडक्यात भरलेलं असायचं. पेरणीच्या दिवशी ते शेतावर न्यायचं आणि सगळं पेरून टाकायचं. तळाला चिकटलेला दाणासुद्धा बोटाने खरवडून काढायचा. मग रिकामं मडकं बांधावर पालथं घालून त्याला हळदकुंकू लावायचं. जमिनीला दाखवायचं की आम्ही हातचं काही राखलं नाही, आता तूही राखू नकोस. मडक्यात दाणा उरला तर पीक आखडतं, असं सासू सांगायची. मी जवळजवळ पन्नास वर्षं मडकं पालथं घातलं. पीक कधी बरं आलं, कधी बेताचं. पण बियाण्यापुरतं दर वर्षी आलं, म्हणून रीत बरोबर आहे असं मला वाटत राहिलं.

याच रितीवरून माझं नणंदेशी बिनसलं. माझ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण, रोह्याजवळ वरश्याला दिलेली. माझा नवरा गेला त्या वर्षी ती पेरणीला आली होती. पेरता पेरता तिने एक मूठ वाल पदराच्या गाठीत बांधला. मी बघितलं. माणसं होती बांधावर, तरी मी मोठ्याने बोलले, "माहेरचं बी चोरतेस गो?"

तिने गाठ सोडली नाही. दुपारच्या गाडीने वरश्याला गेली ती गेलीच. त्यानंतर लग्नकार्यात भेटलो तर "जेवलीस काय?" "जेवले." एवढंच. सहा-सात वर्षं अशी गेली. मला त्याचं फार वाईट वाटत होतं असं नाही. माझ्या मते मी बरोबर होते.

दोन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या आसपास, शेतकी ऑफिसातली एक मुलगी गावात आली. देवळाच्या सभामंडपात तिने आम्हाला बसवलं आणि भिंतीवर कागद लावला. हवामान का बदलतंय ते सांगायला आली होती. कोळसा, डिझेल, पेट्रोल जळतं, त्याचा धूर वर साचतो, आणि मग जमिनीचा उकाडा बाहेर जात नाही, गोधडीखाली कोंडल्यासारखा होतो, असं ती म्हणाली. समुद्रही तापतो आणि तापलेल्या समुद्रावरून पाऊस नको तेव्हा येतो. बाकीचं मला नवं होतं, पण गोधडी मला कळते. दोन थर कमी घातले तर थंडी वाजते आणि चार जास्त घातले तर माणूस घामाने उठतं. पाऊस नको तेव्हा येतो हेही खोटं नव्हतं. गेली काही वर्षं दिवाळीचे कंदील आम्ही पत्र्याखाली लावत होतो.

मग माणसं बोलायला लागली. एक म्हणाला, "सगळं त्या कंपन्यांमुळे." दुसरा म्हणाला, "हायवे वाढवला, चिंचा-वड तोडले, तेव्हाच मी बोललो होतो." तो कधी काही बोलला नव्हता, मी तिथेच होते. तिसरा म्हणाला, "अमेरिकेला जाऊन सांगा." एकाने कलियुगावर टाकलं. प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे.

मी गप्प बसून माझ्या घराचा विचार करत होते. माझा मुलगा नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्ट करतो. तिथलं धुरांडं आमच्या माळावरून दिसतं. त्याच पगारातून आमच्या कौलांच्या जागी स्लॅब पडला. सून हायवेवर दुकान लावते, वाल, पापड, पोहे आणि चहा. गिऱ्हाईक कोण, तर गाडीवाले आणि ट्रकवाले. इंजिन चालू ठेवून चहा पितात मेले, धूर आमच्याच तोंडावर. म्हणजे त्या धुराने माझा नातू शिकला, मी गुडघ्याचं औषध घेतलं, घरात फ्रीज आला. मला त्याची लाज वाटली असं नाही. चुलीपुढे डोळे फुटेस्तोवर फुंकणी मारलेली बाई आहे मी, गॅस आला तेव्हा मी नारळ फोडला होता. पण खाल्ल्या घरचं नाव घेऊ नये म्हणून दुसऱ्याच्या अंगणात बोट दाखवायचं, हे मला जमत नाही.

तेवढ्यात ती मुलगी राबावर आली. पावसाआधी भाताच्या रोपाची जागा शेण, पाला, फांद्या घालून भाजतात त्याला आम्ही राब म्हणतो. ती म्हणाली, "राब भाजणं कमी करा. झाडं तुटतात, धूर होतो."

आता मात्र मी बोलले. "तू कशावर बसून आलीस गो?"

"स्कूटीवर, आजी."

"मग तुझा धूर काय अगरबत्तीचा?"

सगळे हसले. तीही हसली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझाही धूरच आहे आजी. एसटी वेळेवर आली असती तर एसटीने आले असते. राबाचं तुम्ही दोन वाफ्यांत करून बघा, नाही जमलं तर सोडा. पण वालाचं तरी ऐका. सगळं बी एकदम पेरू नका. निम्मं पेरा, निम्मं ठेवा. पाऊस आलाच तर दुसऱ्यांदा पेरता येईल."

"आमच्यात मडकं पालथं घालतात," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या सासूबाईंच्या वेळी दिवाळीनंतर असा पाऊस पडायचा का?"

मी म्हणाले, "चहा आणा रे कुणीतरी, पोरगी केव्हाची उभी आहे."

त्या वर्षी भात आडवं झालं. कापायला माणसं मिळेनात, आणि मिळाली त्या दिवशी आभाळ. कसंबसं उचललं. कार्तिकात चार दिवस चांगलं ऊन पडलं. पाचव्या दिवशी मी खाचरात जाऊन हात टेकला. गार लागलं, चिकटलं नाही.

मुलगा रात्रपाळी करून आला होता. दात घासताना म्हणाला, "आई, थांब चार दिवस. फोनवर गुरुवारी पाऊस दाखवतोय."

"तुझ्या फोनने कधी माती चाचपली हाय?"

"निम्मं तरी ठेव. ती बाई पण तेच सांगून गेली."

"तुझ्या आज्जीला विचार जा."

"आज्जी कुठून सांगणार? वरून?"

"मग गप बस."

सून मध्ये पडली नाही. ती शहाणी आहे. मडकं उचलून माझ्याबरोबर शेतावर आली. आम्ही सगळं पेरलं. तळ खरवडला. मडकं पालथं घातलं, कुंकू लावलं. मला छान वाटलं, ते कशाला नाकारू.

गुरुवारी पाऊस आला. दोन दिवस आणि दोन रात्री. आषाढातल्यासारखा. खाचरात घोट्यापेक्षा वर पाणी, बेडूक ओरडायला लागले. शनिवारी पाणी ओसरल्यावर मी गेले आणि बोटाने उकरून बघितलं. दाणा फुगला होता, दाबला की पांढरं पिठूळ पाणी बाहेर येत होतं. चार ठिकाणी उकरलं. वरच्या खाचरात, खालच्या खाचरात. वास यायला लागला होता. बांधावर मडकं तसंच होतं, त्याचं कुंकू धुऊन गेलं होतं.

मी बांधावर बसून राहिले. रडले नाही. रडून काय उगवणार होतं. पण एक गोष्ट डोक्यात बसली, की हे बी आता जगात दुसरीकडे कुठे नाही. बाजारातून आणता येईल असं ते नव्हतंच. शेजारच्या ज्या दोन घरी मी दिलं होतं त्यांनीही आमचंच बघून सगळं पेरलं होतं, आमच्याच दिवशी. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरच्या बायका आमच्या ओटीवर येऊन बसल्या. "वयनी, आता गो?" मला काय माहीत, आता काय?

मुलाने पेणहून बियाण्याची पिशवी आणली. लांब पांढरा वाल. म्हणाला, "हा पेरू. शेत ओसाड कशाला ठेवायचं?" मी त्यातला वाटीभर भिजवला, मोड आणले, सोलून बिरडं केलं. घरात सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. शेवटी सून म्हणाली, "बटाटा घातला असता तर बरं लागलं असतं." बिरड्यात बटाटा. मी ताट उचललं.

मला तेव्हाच आठवलं होतं, खरं तर बांधावरच आठवलं होतं, की एक मूठ वरश्याला गेली होती. पण ती मूठ. आणि सात वर्षं. खाऊन टाकली असेल. शिवाय नणंदेचं शेत विकून तिथे इमारत उभी राहिली होती, ती पेरणार कुठे? असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. तिसऱ्या दिवशी लुगडं बदललं.

"कुठे निघालीस?" मुलाने विचारलं.

"वरश्याला."

त्याने सुनेकडे बघितलं. सुनेने डब्यात चार पापड घालून दिले. "रिकाम्या हाताने जाऊ नका," म्हणाली.

कासूपर्यंत रिक्षा, तिथून रोह्याची गाडी. गाडीत खिडकीजवळ बसून मी शेतं बघत गेले. कुठे भात अजून आडवं पडलेलं, कुठे पेंढा काळा पडलेला. पाऊस आमच्यासाठी काही खास आला नव्हता, एवढं समजलं. रोह्याला उतरून परत रिक्षा केली. वरसे मी सात वर्षांत बघितलं नव्हतं. इमारतीच इमारती. नणंदेचं बसकं कौलारू घर दोन इमारतींच्या मध्ये राहिलं होतं, दोन जाड बायकांमध्ये बाकावर बारीक माणूस बसावं तसं.

ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर केली आणि परत सुपात बघितलं.

"ये वयनी. रस्ता चुकलीस काय?"

"नाय. तुझ्याकडेच आले."

"कोण गेलं?"

"कोण जाणार? सगळी बरी हायत."

"मग बस." तिने पाट सरकवला. पाणी दिलं. मग म्हणाली, "वाल कुजला ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"पाऊस काय फक्त गडबला पडतो?"

मी पापडाचा डबा पुढे केला. तिने उघडून बघितला, झाकण लावलं. मी काय बोलणार याची तिला पुरती कल्पना होती, पण मदत करणार नव्हती. एकेक खडा वेचत बसली. मीही बसले. इमारतीतून मिक्सरचा आवाज येत होता.

"काय पायजे ते तोंडाने बोल," शेवटी ती म्हणाली. "मी म्हातारी झाले, मनातलं ऐकू येत नाय."

"बी हाय काय तुझ्याकडे?"

"कुठलं बी?"

"माहेरचं."

"माहेरचं, का चोरलेलं? दोन वेगळी हायत."

मी म्हणाले, "चोरलेलं दे."

ती हसली नाही, पण तिचं सूप थांबलं. उठून मला मागच्या दाराने परसात घेऊन गेली. घर आणि इमारतीची भिंत यांच्यामध्ये चार हात रुंद पट्टा होता. तिथे तिने मातीचा उंचवटा करून त्यावर वालाचा एक वाफा लावला होता. रोपं नुकती दोन पानांवर आली होती. उंचावर होती म्हणून पाणी साचलं नव्हतं. दाणा न बघताच मी ओळखला, आमच्या वालाची पहिली पानं जरा तांबूस असतात.

"दर वर्षी लावते," ती म्हणाली. "एवढासाच होतो. दोन वेळचं बिरडं आणि बियाण्यापुरता. इमारतीतल्या बायका विचारतात, मावशी, शोभेचं हाय काय?"

"मडकं पालथं घालतेस?"

"मडकं कुठे, चहाच्या पावडरचा डबा हाय. आणि तो मी कधी रिकामा करत नाय. निम्मं पेरते, निम्मं ठेवते. ठेवलेलं पुढल्या वर्षी पेरते."

"सासूबाई म्हणायच्या, दाणा राहिला तर..."

"आई माझी होती का तुझी?" तिचा आवाज चढला. "आई मडकं पालथं घालायची आणि घरी येऊन आढ्याखालची पुरचुंडी चाचपायची. चुलीच्या वर, धुरात टांगलेली. दर साली नवी मूठ बांधायची, जुनी सोडायची. मला लहानपणी खांद्यावर घेऊन गाठ बांधायला लावायची. जमिनीला मडकं दाखवायचं, पुरचुंडी नाय दाखवायची."

"मला कधी बोलल्या नाहीत."

"तू विचारलंस काय? तू सून. सुनेला रीत सांगतात, पळवाट लेकीला."

मी उभी होते ती तिथल्या कपडे धुवायच्या दगडावर बसले. पन्नास वर्षं चुलीपुढे बसले, धुराने डोळे वर करवत नव्हते म्हणून आढ्याखाली काय लोंबतंय ते कधी बघितलं नाही. सासू गेल्यावर ती गाठ कुणी बदलली नसणार. आणि स्लॅब घालताना आढं, वासे सगळं उतरवलं, लाकडं वीटभट्टीवाल्याला दिली. पुरचुंडी असलीच तर तीही त्यातच भट्टीत गेली.

"पदरात का बांधलीस, मागितली का नाहीस?" मी विचारलं.

"भाऊ गेला होता. तुझं लक्ष कशात नव्हतं. मला वाटलं घरात पुरचुंडी आता कोण बांधणार, म्हणून मी बांधली. आणि तू चारचौघांत चोर म्हणालीस."

"म्हणाले."

"आता?"

"आता नाय म्हणत."

माझ्याकडून तेवढंच निघालं. तिला पुरलं असावं, कारण ती म्हणाली, "चल जेव, बिरडं हाय. तुझ्या तोंडावरून दिसतंय पांढरा वाल खाल्लायस."

जेवताना पहिला घास मी तोंडात घोळवला. गिळल्यावर ते कडूपण आलं. मी परत भात मागितला.

डब्यातलं तिने निम्मं मला दिलं. जेमतेम दोन ओंजळी. फडक्यात बांधताना तिने अट घातली, "एकदम पेरलंस तर परत दारात येऊ नकोस."

परत आल्यावर मी थांबले. हात मातीवर टेकला तरी थांबले. मुलाला म्हणाले, "तुझ्या फोनात बघ." त्याने बघितलं, दहा दिवस कोरडे दाखवत होता. तो मिशीत हसला, ते मी बघितलं. मार्गशीर्षात वरच्या खाचरात, जिथे पाणी थांबत नाही तिथे, नणंदेसारखा उंचवटा करून एक ओंजळ लावली. दुसरी राखेत घोळवून ठेवली. बाकीच्या शेतात पांढरा वाल टाकला, सून तो हायवेवर विकते. गाडीवाल्यांना काय कळतंय.

पीक लहान झालं. थंडी उशिरा आली आणि लवकर गेली, माघातच उन्हं चावायला लागली, काही फुलं गळाली. पण शेंगा धरल्या. त्या वर्षी पोपटी केली नाही. आमच्याकडे थंडीत ओल्या शेंगा ओवा-मीठ लावून मडक्यात भरतात, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करतात, मडकं शेतात उलटं ठेवून वर पेंढ्याचा जाळ करतात, ती पोपटी. सगळीकडून तिचा वास येत होता. मुलगा म्हणाला, "थोड्या शेंगा काढूया ना." मी काठी घेऊन खाचरात बसले. एक शेंग कुणाला तोडू दिली नाही. फाल्गुनात शेंगा वाळवून झोडल्या तेव्हा पायलीला थोडा कमी वाल निघाला. दोन्ही शेजारणींना एकेक ओंजळ दिली आणि सांगितलं, निम्मं ठेवा. त्यांनी लगेच ऐकलं. माझ्यासारखं सात वर्षं कुणी घालवत नाही.

ती शेतकी ऑफिसातली मुलगी चैत्रात परत आली. या वेळी एसटीने. मी तिला सगळं खरं सांगितलं. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही, तिने वहीत लिहून घेतलं, आणि मला पुरचुंडीचं तीनदा विचारलं. राबाचंही सांगायचं तर पुढे पावसाआधी मी दोन वाफे न भाजता ठेवले. तण मेलं खूप आलं, निंदून कंबर गेली. रोप मात्र सारखंच आलं. यंदा चार ठेवलेत. सगळे ठेवणार नाही, माझी कंबर काही सरकारने दिलेली नाही.

पुरचुंडी कुठे टांगायची हा प्रश्न राहिला. आढं नाही, धूर नाही, गॅसवर स्वयंपाक. बाहेर पाणी तापवायची चूल आहे, तिच्या राखेत वाल घोळवला, कडुनिंबाचा पाला घातला, सासूच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला. मग मधल्या खोलीत स्टुलावर चढून स्लॅबला जो लोखंडी हूक सोडलाय त्याला टांगला. उंदीर तिथे पोचत नाही आणि माझी नजर रोज जाते.

आठवड्याने मुलगा पंखा घेऊन आला. स्लॅब तापतो, दुपारी घरात बसवत नाही, हे खरंच होतं. कौलांच्या वेळी एवढं तापायचं नाही. त्याने खोकं उघडलं, पाती लावली, वर बघितलं.

"आई, हे काय?"

"बी."

"अगं पंख्याचा हूक हाय तो."

"होता."

"मग पंखा कुठे लावू?"

"तुझ्या डोक्यावर लाव. कंपनीत शिकलायस ना?"

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. मुलाने पाती काढून खोकं परत बांधलं. मग जाऊन पंखा बदलून आणला, भिंतीवर लावायचा. एका बाजूलाच वारा येतो. मी त्या बाजूला निजते.

या थंडीत पोपटी केली. नणंद कासूला उतरून आली, पिशवीत स्वतःच्या परसातल्या दहा-बारा शेंगा घेऊन, जशा काही आमच्याकडे नव्हत्याच. पेरणीच्या दिवशी मी मडकं पालथं घातलं होतं, ते तिला सांगितलं. रीत रीत असते, जमिनीला दाखवायला काहीतरी हवं. तिने चपला काढल्या आणि ओटीवर न बसता सरळ मधल्या खोलीत गेली. मान वर करून हुकाकडे बघत राहिली.

"एवढीशीच काय गो बांधलीस?" म्हणाली. "बाकीचं कुठे ठेवलंस?"

"तुला कशाला सांगू?" मी म्हणाले. "तू चोरशील."

ती हसत हसत बाहेर आली आणि शेंगांना मीठ कमी आहे म्हणाली.